मॅमोग्राम ‘नॉर्मल’ आला तरी: दाट स्तनांच्या तपासणीचे कागद, इंदूरपुरते

“आयुष्मान कार्ड आहे, मग मॅमोग्रामचे पैसे का?” रामबाग-लोकमान्य नगरातल्या बायका खिडकीवर हे विचारतात आणि चिडून परततात. खिडकीवरचा माणूस एका वाक्यात सांगू शकला असता, पण सांगत नाही: वर्षाला 5 लाखांचं हे कार्ड भरती होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे, नुसत्या तपासणीसाठी नाही. आणि मॅमोग्राम म्हणजे स्तनांचा एक्स-रे, तपासणीच.

पहिल्या तपासणीला कार्ड लागतच नाही. तिशी ओलांडलेल्या कुठल्याही बाईने आधार घेऊन जवळच्या सरकारी दवाखान्यात, म्हणजे आयुष्मान आरोग्य मंदिरात किंवा संजीवनी क्लिनिकमध्ये जावं. तिथे स्तन हाताने तपासतात. संशय आला तर मोठ्या इस्पितळासाठी रेफरची पर्ची मागून घ्या, कारण लिहिलेली.

खरी गफलत पुढे होते. स्तन दाट आहेत की नाही हे हाताला कळत नाही, मॅमोग्राममध्येच दिसतं. रिपोर्टमध्ये दोन खुणा असतात, ए ते डी असं दाटपणाचं अक्षर आणि 0 ते 6 असा निष्कर्षाचा आकडा. सी किंवा डी म्हणजे दाट, चरबी कमी आणि ग्रंथी जास्त. अशा स्तनाचा भाग फिल्मवर पांढरा दिसतो, गाठही पांढरीच, म्हणून ती लपू शकते. आकडा 1 किंवा 2, म्हणजे काळजीचं काही दिसलं नाही असा, असला तरी अक्षर सी-डी असेल, तर सोनोग्राफी हवी का, हे डॉक्टरांना स्वतःहून विचारा. पर्चीवर ते अक्षर लिहून घ्या आणि जुन्या फिल्मही न्या.

आणि 0 म्हणजे ‘काही नाही’ नव्हे! चित्र अपुरं आहे, आणखी तपासण्या करा, असा त्याचा अर्थ. एका काकूंनी 0 चा रिपोर्ट चार महिने देवघरामागे घडी घालून ठेवला होता. 3 असेल तर सहसा सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायचं, त्रास झाला तरच असं नाही. गाठ हाताला लागली तर मात्र कुठल्याच तारखेची वाट पाहू नका.

कार्ड मात्र आजच काढून ठेवा. रेशनची पात्रता पर्ची किंवा संबल (असंघटित कामगारांची राज्य योजना) असलेली कुटुंबं पात्र आहेत. सत्तरी पार केलेल्यांना उत्पन्नाची अट नाही. आधार आणि समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा कुटुंब-सदस्य क्रमांक) लागतो, आणि आपल्या बायका अडतात त्या इथेच. लग्नात नाव बदललेलं असतं: आधारवर माहेरची कुसुम, समग्रवर सासरची सुनंदा. ई-केवायसी, म्हणजे आधारवरून होणारी ओळख-पडताळणी, अडकते. तीस वर्षांपूर्वीच्या लग्नाचा दाखला कुणाकडे असतो? म्हणून आधारला हात न लावता समग्रवरचं नाव आधारप्रमाणे करून घ्या. त्याला मंजुरी लागते, दिवस जातात, म्हणून आजारपण येण्याआधीच करा.

ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो. तो नंबर पुण्यातल्या मुलाचा असेल, तर किऑस्कवर जाण्याआधी त्याला फोन करून थांबायला सांगा.