पायथन पॅकेजांच्या स्थापनेतील अडचणी व त्यांचे निदान

पायथन या मुक्तस्रोत संगणकभाषेसाठी इतरांनी लिहिलेली पॅकेजे (तयार प्रोग्रॅमचे संच) आपल्या संगणकावर बसवताना येणारे अडथळे आणि त्यांचे मूळ शोधण्याची पद्धत. ही पॅकेजे ‘पायथन पॅकेज इंडेक्स’ या सार्वजनिक भांडारात असतात व ‘पिप’ या साधनाने उतरवली जातात. इअन बिकिंग यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेले पिप हे २०१४ मधील ३.४ या आवृत्तीपासून पायथनसोबतच मिळू लागले.

नवशिक्याला सर्वाधिक छळणारी अडचण बिघाडातून नव्हे, तर एकाच संगणकावर अनेक पायथन नांदत असल्याने उद्भवते. लिनक्सचे स्वतःचे एक पायथन असते, अधिकृत संकेतस्थळावरून घेतलेले दुसरे आणि ॲनाकोंडासारख्या वितरणाबरोबर (पायथन व अनेक पॅकेजे एकत्र देणाऱ्या संचाबरोबर) आलेले तिसरे. प्रत्येकाचा पॅकेजांचा फोल्डर निराळा. पिपने पॅकेज एकात ठेवले आणि प्रोग्रॅम दुसऱ्यात चालवला, की टर्मिनलवर ‘सक्सेसफुली इन्स्टॉल्ड’ असे वाचून झाल्यावर क्षणभरातच ‘मॉड्यूल नॉट फाउंड एरर’, म्हणजे पॅकेज सापडत नसल्याची तक्रार, समोर येते. हे दोन्ही संदेश खरे असतात. म्हणून निदानाचा पहिला प्रश्न ‘कोणते पायथन?’ हाच असावा. पिपला त्याची आवृत्ती विचारली की ते कोणत्या फोल्डरातून व कोणत्या पायथनसाठी चालत आहे हेही छापून येते. आणि नुसते ‘पिप इन्स्टॉल’ न लिहिता ‘पायथन -एम पिप इन्स्टॉल’ लिहिले, तर ज्या पायथनचे नाव घेतले त्यातच पॅकेज बसते. कधी घोळ केवळ नावाचा असतो: प्रोग्रॅममध्ये ‘सीव्ही२’ म्हणून आणायचे पॅकेज भांडारात ‘ओपनसीव्ही-पायथन’ या नावाने आहे.

दुसरा मोठा गट बांधणीचा. पॅकेज ‘व्हील’ या तयार रूपात उपलब्ध असेल तर ते केवळ उलगडून ठेवायचे असते. आपल्या संगणकाला जुळणारे व्हील नसेल तर पिप मूळ स्रोत उतरवून तिथेच बांधू लागते, आणि त्यातला सी भाषेतील भाग कंपायलरवाचून, म्हणजे तो यंत्राच्या भाषेत बदलणाऱ्या साधनावाचून, अडतो. अशा वेळी पडद्यावरून लाल अक्षरांच्या शेकडो ओळी सरकतात. शेवटची ओळ फक्त बांधणी फसल्याचे सांगते; कारण बरेच वर, पहिल्या एररपाशी असते. तिथे ‘पायथन डॉट एच’ ही फाइल सापडली नाही असे असेल, तर डेबियन व उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांवर ‘पायथन३-डेव्ह’ हे पॅकेज बसवल्याने काम भागते. त्या शेकडो ओळी वर जाऊन वाचण्याचा धीर हे या कामातले सर्वांत मोलाचे कौशल्य होय. पायथनची नवी आवृत्ती निघताच ती घेणाऱ्यांनाही हाच अनुभव येतो, कारण अनेक पॅकेजांची व्हील तिच्यासाठी तयार व्हायला वेळ लागतो. एक आवृत्ती मागे राहणे हा तेव्हा सर्वांत सोपा उपाय ठरतो. याउलट, २०२३ च्या ३.१२ आवृत्तीतून ‘डिस्टयुटिल्स’ हा पॅकेजे बांधण्याचा जुना भाग काढून टाकल्याने त्यावर विसंबलेली काही जुनी पॅकेजेच नव्या पायथनवर बसेनाशी झाली.

दोन पॅकेजांना तिसऱ्याच्या वेगवेगळ्या आवृत्त्या हव्या असल्या की संघर्ष होतो. २०२० मधील पिप २०.३ पासून असा विसंगत संच बसवण्यास पिप नकार देते. पूर्वी ते तसाच बसवून टाकी. ‘पिप चेक’ या कमांडने आधीपासून असलेल्या विसंगती दिसतात.

यावरचा खरा उपाय म्हणजे प्रत्येक कामासाठी स्वतंत्र आभासी परिसर, म्हणजे त्या कामाची पॅकेजे इतरांपासून वेगळी ठेवणारी जागा. त्यासाठीचे ‘व्हेन्व्ह’ हे साधन २०१२ पासून पायथनमध्येच आहे. डेबियन १२ ने तर २०२३ पासून प्रणालीच्या पायथनमध्ये पिपने थेट पॅकेजे बसवणे अडवले आहे. अनेकांना ही आडकाठी वाटते. पण प्रणालीची स्वतःची कित्येक साधने त्याच पायथनवर चालत असल्याने ती योग्यच आहे, आणि ती ओलांडण्याच्या पर्यायाचे ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’ हे नाव परिणाम स्पष्ट सांगते. आभासी परिसर हा शेवटी एक फोल्डरच असतो. तो बिघडला तर दुरुस्तीत वेळ न घालवता पुसून टाकावा आणि पॅकेजांची नावे व आवृत्त्या नोंदलेल्या ‘रिक्वायरमेंट्स’ फाइलीवरून पुन्हा उभारावा.