समतापी प्रसरणातली उष्णता : एका वादग्रस्त गृहीतकाची पार्श्वभूमी

बारावीच्या पुस्तकात समतापी प्रक्रियेचा हिशेब एका ओळीत आटोपतो. तापमान स्थिर, म्हणून आदर्श वायूची (ज्याचे रेणू एकमेकांना ओढत नाहीत अशा कल्पित वायूची) आंतरिक ऊर्जा, म्हणजे त्याच्या आत साठलेली ऊर्जा, स्थिर, म्हणून घेतलेली उष्णता आणि केलेलं कार्य सारखं. यातल्या पहिल्याच ‘म्हणून’वर एकोणिसाव्या शतकात मोठा वाद झाला.

दाब-आकारमानाचा नियम सतराव्या शतकातला. उष्णतेचा प्रश्न पुढे आला १८२४ मध्ये, वाफेच्या इंजिनावर विचार करणाऱ्या एका फ्रेंच अभियंत्यामुळे. त्याच्या चक्रात समतापी टप्पे होते, पण उष्णता कधी नष्ट होत नाही असं तो धरून चालला होता. ती कार्यात खर्ची पडते, हे त्या मांडणीत बसतच नव्हतं.

१८४२ मध्ये एका जर्मन डॉक्टरने नेमकं तेच मांडलं. स्थिर आकारमानापेक्षा स्थिर दाबाला वायू तापवायला जास्त उष्णता लागते. ती जास्तीची उष्णता सगळीच्या सगळी बाहेरची हवा ढकलण्यात जाते, असं त्याने धरलं. उत्तर आलं : पाणी १ अंश सेल्सिअसने तापवणं म्हणजे तेवढंच वजन सुमारे ३६५ मीटर उचलणं. आजचा आकडा ४२७ च्या आसपास आहे. तफावत तेव्हाच्या विशिष्ट उष्णतांच्या (ठरावीक वजन १ अंशाने तापवायला लागणाऱ्या उष्णतेच्या) आकड्यांमुळे आली, तर्क पक्का होता. तरी ब्रिटनमधल्या टीकाकारांनी गृहीतकावरच बोट ठेवलं. फुगताना वायूच्या आतच काही ऊर्जा खर्च होत असेल तर? आक्षेप रास्त होता. त्यांनी मारलेला ‘नुसता अंदाज’ हा शिक्का मात्र अन्यायाचा. कारण १८४५ मध्ये त्याने एका जुन्या फ्रेंच प्रयोगाचा आधार दिला होता : निर्वात भांड्यात हवा सोडली की पहिलं भांडं जितकं थंड होतं, तितकंच दुसरं तापतं, म्हणजे नुसत्या फुगण्यात ऊर्जा खर्च होत नाही.

त्याच सुमारास एका इंग्रज बिअर कारखानदाराने तांब्याची दोन भांडी पाण्यात बुडवली. एकात सुमारे २२ वातावरण दाबाची हवा, दुसरं निर्वात. तोटी उघडली, पण पाण्याचं तापमान हललं नाही. मात्र एवढ्या पाण्यात किरकोळ बदल कळलाही नसता. १८५२ पासून सच्छिद्र बोळ्यातून हवा सोडून पाहिली, तेव्हा ती किंचित थंड झालेली आढळली. खऱ्या वायूंना गृहीतक जवळपास लागू पडतं, आदर्श वायूला पूर्णपणे. पुढे ते त्याच्या व्याख्येतच सामावलं.

३०० केल्विनला १ मोल आदर्श वायू सावकाश दुप्पट फुगवला, तर तो सुमारे १७२९ जूल उष्णता घेतो आणि तेवढंच कार्य करतो. तोच निर्वातात सोडला, तर उष्णता शून्य, कार्यही शून्य. आंतरिक ऊर्जा दोन्हीकडे तीच राहते.