पुण्याचं पाणी: धरणाचं आणि बोअरचं

पुण्यात भाड्याचं घर बघताना घरातली बाई पहिल्यांदा स्वयंपाकघरातला नळ सोडून बघते आणि विचारते, 'पाणी कॉर्पोरेशनचं ना?' उत्तर 'बोअर आणि टँकर' असं आलं की तिचा चेहरा पडतो. तूरडाळ शिजता शिजणार नाही, साबणाला फेस येणार नाही, शॉवरची भोकं पांढऱ्या क्षाराने बुजणार, हे तिला तिथेच दिसतं.

दोन्ही पाणी मुळात पावसाचंच. टेमघर, वरसगाव, पानशेत, खडकवासला या धरणांत येतं ते डोंगरउतारावरून धावत. खडकाशी त्याची गाठ जेमतेम पडते. मुरलेलं पाणी मात्र मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं आणि काळ्या बेसॉल्टच्या भेगांत मुक्काम ठोकतं. त्या मुक्कामात कॅल्शियम-मॅग्नेशियम विरघळतं आणि पाणी जड होतं. तापवलं की त्याचीच पुटं गिझरच्या कॉइलवर चढतात.

बाहेरून पाणी आणायची पुण्याची सवय पेशवाईतली. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यावर कात्रजला तलाव बांधून भुयारी नळाने पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणलं. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास, म्हणजे नळातली हवा बाहेर सोडणारे मनोरे होते, पेठांत हौद. अर्थात ते हौद सगळ्यांसाठी नव्हते. जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तो त्यामुळेच. १८७९ च्या सुमारास खडकवासल्याचं धरण पुरं झालं आणि पुढे शहराची तहान त्यावरच आली. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही गेलं. शहरात पूर आणि नळ कोरडे! तेव्हा वाड्यांच्या विहिरी पुन्हा कामाला आल्या.

नंतर शहर पाइपलाइनच्या पुढे पळालं. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेच्या हद्दीत आली, पण त्याआधीच तिथे बोअर मारून टॉवर उभे राहिले होते. मग सोसायट्यांत पाणी मऊ करणारे सॉफ्टनर प्लांट बसले, त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवणारं रेझिन धुवायला महिन्याच्या खर्चात मिठाच्या गोण्या आल्या. रेझिन धुतलेलं खारं पाणी गटारात जातं, त्याची चर्चा सहसा होत नाही.

भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याची कठीणता, म्हणजे जडपणा, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालते. म्हणजे जड पाणी त्रासदायक, पण तेवढ्याने घातक ठरत नाही. आणि मऊ पाणी सुरक्षितच, असंही नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या धरणाच्या कुशीतल्याच भागात गुलियन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले. काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा दूषित अन्नपाण्यातून पोटात जाणारा जिवाणू सापडला आणि संशयाची सुई पाण्याकडे वळली.

आपल्याकडे घरोघरी असतो तो पेनासारखा टीडीएस मीटर. तो विरघळलेले क्षार मोजतो. जंतूंचा त्याला पत्ता नसतो. त्यासाठी पाण्यात क्लोरीन उरलंय का, ते बघावं लागतं. गावच्या पाणीपुरवठ्याचा माणूस ओटीच्या, म्हणजे ऑर्थोटोलिडीन या रसायनाच्या बाटलीतले थेंब टाकतो. पाणी पिवळसर झालं की क्लोरीन आहे. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो येतात ते मात्र टीडीएसच्या आकड्यांचे.