उतरता रन आणि उतरती उपक्रमिका

५, १०, ४, ९, ३, ८, २, ७, १, ६. या क्रमिकेतली सर्वांत लांब उतरती मालिका किती लांबीची? कुणी २ म्हणेल, कुणी ५. दोघांचंही बरोबर आहे, फक्त दोघं वेगवेगळ्या गोष्टी मोजताहेत: पहिला रन, दुसरा उपक्रमिका.

उतरत्या रनमध्ये संख्या शेजारी-शेजारी लागतात. पुढची संख्या लहान असेपर्यंत रन चालू, नाहीतर तिथंच तुटला. वरच्या क्रमिकेचे तुकडे पडतात ५ | १०, ४ | ९, ३ | ८, २ | ७, १ | ६, म्हणजे लांब्या १, २, २, २, २, १. एकट्या संख्येचाही रन धरायचा. उपक्रमिकेत मात्र मधल्या संख्या गाळता येतात, क्रम तेवढा बदलायचा नाही. म्हणून १०, ९, ८, ७, ६ चालतं.

रन मोजायला एक फेरी पुरते. आधीच्या संख्येशी तुलना करायची. लहान असेल तर लांबी एकनं वाढवायची, नसेल तर लांबी नोंदवून पुन्हा १ पासून सुरुवात. घोळ होतो तो शेवटी: लूप संपतो आणि हातातला शेवटचा रन नोंदवायचाच राहतो. सगळ्या लांब्यांची बेरीज क्रमिकेतल्या संख्यांइतकी भरली नाही, की समजायचं काय झालं ते. उपक्रमिकेला ही पडताळणी लागूच पडत नाही, कारण त्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. तिथं प्रत्येक संख्येसाठी मागच्या सगळ्या मोठ्या संख्या बघाव्या लागतात, किंवा बायनरी सर्च (दर वेळी यादी निम्मी करत शोधणं) वापरून काम कमी करावं लागतं.

दहा लाख वेगवेगळ्या संख्या कशाही पिसल्या तर फरक डोळ्यांत भरतो. ठरावीक जागी सलग ९ संख्या उतरत्या असण्याची शक्यता ३,६२,८८० मध्ये १, आणि १० संख्यांची ३६,२८,८०० मध्ये १. त्यामुळे सर्वांत लांब रन बहुधा ९ च्या आसपास अडकतो. सर्वांत लांब उतरती उपक्रमिका मात्र दहा लाखांच्या वर्गमुळाच्या दुप्पट, म्हणजे २,००० च्या घरात जाते.

एर्डश आणि सेकेरेश या गणितज्ञांचं १९३५ चं प्रमेयही उपक्रमिकांबद्दलच आहे: कोणत्याही १० वेगवेगळ्या संख्यांत ४ लांबीची चढती किंवा उतरती उपक्रमिका सापडतेच. रनच्या बाबतीत अशी कसलीच हमी नाही. वरची क्रमिका पुन्हा पाहा, चढता रनसुद्धा दोनाच्या पुढे जात नाही.

समान संख्या आल्या तर? ५, ५, ३ हा एक रन की दोन, हे आधीच ठरवलेलं बरं. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेसाठी २००२ मध्ये टिम पीटर्स यांनी लिहिलेल्या टिमसॉर्ट या क्रम लावण्याच्या पद्धतीत मुळात उतरता रन काटेकोर उतरताच लागायचा, म्हणजे समान संख्या चालत नसत. तो रन जागच्या जागी उलटा केला जायचा. त्यात दोन समान घटक असते तर त्यांचा मूळचा मागे-पुढे क्रम उलटला असता.