मांजर चावलं की बोचकारलं?

खेळता खेळता मांजर बिथरतं, पुढच्या दोन्ही पायांनी हात कवटाळतं, दात रोवतं आणि मागच्या पायांनी सपासप बोचकारतं. सुटका झाल्यावर मनगटावर लांब लाल रेघा उठलेल्या असतात आणि अंगठ्याच्या बुडाशी दोन बारीक ठिपके. सगळे रेघा धुण्यात गुंततात, कारण रक्त तिथे दिसतं. त्या ठिपक्यांना कुणी विचारत नाही. आधी पाहायला हवं ते त्यांच्याकडेच.

मांजराचा सुळा दाभणासारखा असतो. कातडीला पडलेलं भोक जेमतेम दिसतं, लवकर मिटतं, आणि आत गेलेले जंतू आतच कोंडले जातात. कुत्रा चावला की लचका तुटतो, जखम भयंकर दिसते. तरीही चिघळण्याचं प्रमाण मांजराच्या चाव्यातच जास्त. त्यातून चावा बोटावर किंवा मनगटावर असेल तर आणखी वाईट, कारण तिथे कातडीखाली मांस थोडं. सुळा सरळ सांध्यात किंवा स्नायूंच्या दोऱ्यांपर्यंत पोचतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या २०१४ मधल्या एका अभ्यासात हाताला मांजर चावलेले १९३ रुग्ण होते. त्यातल्या ५७ जणांना दवाखान्यात भरती करावं लागलं.

यामागचा नेहमीचा जंतू पाश्चुरेला मल्टोसिडा. तो धडधाकट मांजरांच्या तोंडातही असतो, म्हणून ‘आमची मनी घराबाहेर जातच नाही’ हा युक्तिवाद इथे चालत नाही. (नाव लुई पाश्चरवरून, त्याचीच रेबीजची लस १८८५ मध्ये पहिल्यांदा माणसाला टोचली गेली.) हा जंतू वाट पाहायला लावत नाही: सकाळी चावा, रात्रीपर्यंत बोट टम्म, लाल, ठणकणारं.

नखांची गोष्ट संथ आहे. मांजराच्या अंगावरच्या पिसवांच्या विष्ठेत बार्टोनेला हेन्सेली नावाचा जंतू असतो. मांजर खाजवतं, ती घाण नखांत अडकते, आणि ओरखड्यातून आपल्या अंगात शिरते. पिल्लांकडून हे जास्त होतं. काही दिवसांनी ओरखड्याच्या जागी एखादी पुळी येते आणि एक ते तीन आठवड्यांनी काखेत किंवा मानेत अवधाण येतं, कधी बारीक तापही. तोवर ओरखडा भरून गेलेला असतो, कुणाच्या लक्षातही नसतो. म्हणून अशी गाठ डॉक्टरांना दाखवताना घरात मांजर आहे हे आपण होऊन सांगावं. एरवी निरोगी माणसाचा हा ‘कॅट स्क्रॅच’ आजार बहुधा आपोआप ओसरतो; प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना मात्र तो जड जाऊ शकतो.

अर्थात सीमारेषा इतकी पक्की नाही. खोल ओरखडाही पिकतो, आणि चाव्यातूनही बार्टोनेला जाऊ शकतो.

रेबीजच्या बाबतीत तर दात आणि नख यांत फरक करूच नये. विषाणू लाळेत असतो आणि मांजर दिवसभर पंजे चाटत असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत रक्त न आलेला किरकोळ ओरखडा दुसऱ्या गटात आणि कातडी भेदून गेलेला चावा किंवा ओरखडा तिसऱ्या, सर्वांत गंभीर गटात मोडतो. दोन्हींत जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायची. घड्याळ लावून पाहा, १५ मिनिटं वाटतात त्याहून खूप लांब असतात. लस लागेल का, धनुर्वाताचं इंजेक्शन हवं का, हे मांजराचं लसीकरण आणि आपलं मागचं इंजेक्शन पाहून डॉक्टर ठरवतात.

वरवरच्या ओरखड्याभोवती लाली दिसली तर तिच्या कडेने पेनाने रेघ मारून ठेवा. लाली रेघेबाहेर सरकली की निघा. हाताच्या चाव्यासाठी मात्र ही रेघ मारत बसू नका. लाली नसली तरी त्याच दिवशी दाखवून या.