टॅक्स खात्याच्या नावाने येणारे फसवणुकीचे कॉल

टॅक्स खात्यातून बोलतोय असं सांगायचं, तुमचा टॅक्स थकलाय नाहीतर रिफंड निघालाय असं म्हणायचं आणि फोनवरच पैसे किंवा माहिती काढून घ्यायची, असा हा प्रकार. देश बदलला की फक्त खात्याचं नाव बदलतं, अमेरिकेत आयआरएस, ब्रिटनमध्ये एचएमआरसी, कॅनडात सीआरए, ऑस्ट्रेलियात एटीओ, बाकी स्क्रिप्ट जवळपास तीच. बँकेच्या नावानेही असे कॉल येतात, पण टॅक्सचं नाव काढलं की माणूस जास्त दबतो, कारण रिटर्न कितीही नीट भरलं असलं तरी कुठेतरी काहीतरी चुकलं असेल ही धाकधूक बहुतेकांच्या मनात असतेच आणि हे लोक नेमकं तिथेच बोट ठेवतात.

कॉल साधारण दोन तऱ्हांचे. एक धमकीचा, म्हणजे तुमच्या नावावर केस झालीय, वॉरंट निघालंय, आजच्या आज भरा नाहीतर पोलीस येतील. दुसरा गोड बोलून, तुमचा रिफंड अडकलाय, अकाउंट कन्फर्म करायला एक ओटीपी आलाय तो सांगा. आता पैसे आपल्याकडे यायचे असतील तर ओटीपी कशाला लागेल, पण रिफंड म्हटलं की हा प्रश्न त्या क्षणी कोणाला सुचत नाही. रिटर्नची मुदत जवळ आली की, म्हणजे अमेरिकेत 15 एप्रिल, ब्रिटनमध्ये 31 जानेवारी, असे कॉल विशेष खपून जातात, कारण तेव्हा टॅक्स तसाही डोक्यात असतोच.

स्क्रीनवर खात्याचाच नंबर दिसला म्हणून विश्वास ठेवायचा नाही. इंटरनेटवरून कॉल लावताना समोरच्याला कुठला नंबर दिसावा हे बदलता येतं, त्याला स्पूफिंग म्हणतात. कॉल करणारा स्वतःचा बॅज नंबर, म्हणजे अधिकाऱ्याचा ओळख क्रमांक, सांगतो, तुमचं नाव, पत्ता, कधी कधी आयडी नंबरचे शेवटचे आकडेही सांगतो, पण हे सगळं लीक झालेल्या डेटात मिळतं, त्यामुळे त्याला माझी माहिती आहे म्हणजे तो खरा, हा हिशोब चुकीचा.

मोठ्या टोळ्यांमध्ये कामं वाटलेली असतात. पहिला माणूस घाबरवतो, गिऱ्हाईक घाबरलं की कॉल 'क्लोजर'कडे जातो आणि तो पैसे काढतो. त्याचा सगळा जोर तुम्ही फोन ठेवू नये यावर असतो, दुकानात जाईपर्यंत लाईन चालू ठेवा, गिफ्ट कार्ड घ्या, कॅशियरने विचारलं तर भेट द्यायचीय म्हणा, मग मागची पट्टी खरवडून कोड वाचून दाखवा. कोड वाचून झाला की काही मिनिटांत कार्ड रिकामं. सरकारी टॅक्स गिफ्ट कार्डने भरा ही मागणी ऐकायला किती हास्यास्पद आहे, पण तासभर कोणी कानात अटक अटक करत असेल तर शिकलेली माणसंही भरतात, यात बावळटपणाचा प्रश्न नाही.

या धंद्याचं सगळ्यात गाजलेलं प्रकरण ऑक्टोबर 2016 चं. ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरवर धाड टाकली, 700 च्या वर लोक ताब्यात घेतले आणि 70 जणांना अटक झाली. तिथून अमेरिकन लोकांना आयआरएसच्या नावाने फोन जायचे. त्याच महिन्यात अमेरिकेत अहमदाबादच्या कॉल सेंटरांशी जोडलेल्या टोळीवर आरोपपत्र आलं आणि 2018 मध्ये तिकडच्या साथीदारांना 20 वर्षांपर्यंत शिक्षा झाल्या.

टॅक्स खातं कधीच फोन करत नाही, असं सर्रास सांगितलं जातं, ते तितकंसं बरोबर नाही. काही खाती फोन करतात, 2017 पासून आयआरएसने जुन्या थकबाकीसाठी खाजगी वसुली एजन्सीही नेमल्या आहेत, फक्त आधी पत्र येतं. म्हणून फोन आला की नाही यापेक्षा त्या फोनवर काय मागितलं ते बघायचं. लगेच पैसे, गिफ्ट कार्ड, क्रिप्टो, ओटीपी, स्क्रीन शेअर करायचं ॲप, कोणाला सांगू नका अशी ताकीद, यातलं एक जरी आलं तरी पुढे ऐकायची गरज नाही.

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक म्हणजे फोनवरच त्याला पकडायला जाणं. त्याची प्रॅक्टिस तुमच्यापेक्षा जास्त असते आणि प्रश्न विचारत बसलं की तेवढा वेळ त्यालाच मिळतो. सरळ फोन ठेवायचा, मग खात्याची साईट स्वतः टाईप करून लॉगिन करायचं आणि थकबाकी किंवा नोटीस खरंच आहे का ते बघायचं. कॉल करायचा तर साईटवरच्या नंबरवर, त्याने दिलेल्या नव्हे. लँडलाईन असेल तर दुसऱ्या फोनवरून, कारण काही ठिकाणी तुम्ही ठेवलं तरी समोरच्याने ठेवलं नाही तर लाईन चालूच राहते, तो नुसता डायल टोन ऐकवतो आणि तुम्ही परत त्याच्याशीच बोलता.

पैसे गेलेच तर लाजत बसू नका, आधी बँकेला फोन, मग पोलीस, भारतात त्यासाठी 1930 आहे. गिफ्ट कार्ड असेल तर कार्ड आणि पावती फेकायची नाही, कार्ड ज्या कंपनीचं आहे तिला लगेच कळवायचं. ॲप टाकलं असेल तर इंटरनेट बंद करून पासवर्ड दुसऱ्या डिव्हाईसवरून बदलायचे. आणि काही दिवसांनी तुमचे गेलेले पैसे परत मिळवून देतो, फक्त थोडी फी भरा, असा कॉल येऊ शकतो, तो बहुधा त्याच टोळीचा असतो किंवा तिने तुमचा नंबर ज्यांना विकला त्यांचा.