खाणकामगाराचा मास्क उशिरा का आला?

मराठवाड्यात कोळशाची खाण नाही. तरी परळीच्या औष्णिक केंद्रात वॅगन रिकाम्या करताना, कोळसा फोडणाऱ्या क्रशरपाशी, बेल्टवरून बेल्टवर कोळसा पडतो तिथे खाणीतलीच धूळ उडते. तोंडाला दस्ती बांधून ती अडत नाही. फुफ्फुसाच्या टोकापर्यंत जाणारे कण साधारण 5 मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक असतात, सुती विणीतली भोकं त्याहून कितीतरी मोठी. शिवाय दस्तीच्या कडांतून हवा आत शिरतेच.

धुळीसमोर तोंड झाकणं जुनंच. हिंगुळावर (पाऱ्याच्या लाल खनिजावर) काम करणारे चेहऱ्यावर जनावराचं मूत्राशय बांधत, असं रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकात नोंदवलंय. अमेरिकेत हॅस्लेटला श्वसनरक्षकाचं पेटंट 1849 मध्ये मिळालं. कोळसा कामगाराचं दुर्दैव असं, की त्याची धूळ निरुपद्रवी मानली गेली. जे. एस. हाल्डेनसारखा मातब्बर ब्रिटिश शास्त्रज्ञही दोष खडकातल्या सिलिकाला देई, कोळशाला नाही. ब्रिटनच्या साउथ वेल्समधल्या कोळसा कामगारांच्या तपासणीचा अहवाल 1942 मध्ये आला, तेव्हा कुठे कोळशाच्या धुळीचा आजार वेगळा ओळखला गेला आणि पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये भरपाईचा नियम झाला. अमेरिकेत धुळीच्या मास्कची सरकारी चाचणी 1934 पासून होती. हवेतल्या धुळीवर कायद्याची मर्यादा मात्र 1969 च्या कायद्याने आली: घनमीटरला आधी 3 मिलिग्रॅम, मग 2, आणि 2016 पासून 1.5. मास्क दिला म्हणून धूळ आवरायची जबाबदारी टळत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. आमच्या मते त्यातलं सगळ्यात मोलाचं कलम हेच.

कारण मास्क फसतो, आणि ठरावीक जागीच फसतो. दाढीवर कड बसत नाही. घामाने तो सरकतो, धूळ साचली की श्वास जड होतो, मग माणूस तो गळ्यात उतरवतो. आजच्या मास्कमधले पॉलिप्रॉपिलीनचे तंतू विद्युतभारामुळे बारीक कण खेचून धरतात. साबणाने धुतला की तो भार जातो. मास्क दिसतो स्वच्छ, पण नीट गाळत नाही. मास्कमधून श्वास जड होतो म्हणूनच 1970 च्या दशकात ब्रिटनमध्ये पंख्याचं हेल्मेट निघालं: कमरेला बॅटरी, गाळलेली हवा तोंडावर, त्यामुळे श्वास ओढावा लागत नाही. ते जड होतं, आणि बॅटरी रोज चार्ज करावी लागे.

पाण्याचे फवारे आणि हवा ओढून गाळणाऱ्या पिशव्या मास्कच्या आधी हव्यात. परळीत पाण्याअभावी केंद्रच बंद ठेवावं लागलेलं आहे. तिथे बेल्टच्या सांध्यांवर बंदिस्त झाकण आणि अगदी बारीक थेंबांचं ड्राय फॉग बसवणं योग्य, त्याला साध्या फवाऱ्यापेक्षा पाणी बरंच कमी लागतं. त्यावर आयएस 9473 या भारतीय मानकाचा एफएफपी2 दर्जाचा मास्क: एक पट्टा कानांच्या वर, एक मानेवर, नाकावरची पट्टी दोन्ही हातांनी दाबून बसवायची. जोरात श्वास सोडल्यावर कडेने वारा लागला तर पुन्हा बसवायचा.